एलियाहूच्या खुर्चीवर मुकादम

सत्काराला खुर्च्या कमी पडल्या नव्हत्या, हे आधी सांगते. पुढे लोक तसं सांगू लागले, की गर्दी झाली, म्हाताऱ्याला जागा मिळेना, म्हणून तो तिथं जाऊन बसला. खोटं आहे. शाळेतून खुर्च्या आणि बाकं आणवली होती, आणि जमलेल्या माणसांपेक्षा ती जास्त झाली होती.

आमचं गाव अलिबागच्या खाली, खाडीला लागून. बेने इस्राएलांची एक आळी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव आम्हांला शनवार तेली म्हणे. मी लग्न होऊन तिथं आले तेव्हाच निम्म्या घरांना कुलपं होती. माणसं मुंबईला, कुणी रेल्वेत, कुणी गिरणीत. माझा नवराही तिकडे गोदीत कारकून होता आणि मी गावी सासूबाईंजवळ. प्रार्थनेच्या घराला आम्ही मशीदच म्हणायचो. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि ते जमवणं हे मुकादमांचं काम. मुकादम म्हणजे मशिदीचे प्रमुख, बिनपगारी. शुक्रवारी दुपारी ते आळीत दारोदार फिरत. पलीकडच्या गावातल्या दोघांना सूर्य बुडायच्या आत आणून शनिवार संध्याकाळपर्यंत आपल्या ओटीवर ठेवून घेत, जेवू घालत. छप्पर शाकारायचं, दिव्याला तेल घालायचं, कुणी वारलं तर खड्डा खणायचा, सगळं तेच करत.

मुंबईच्या मंडळींनी त्यांचा आणि जुन्या खजिनदारांचा सत्कार ठरवला तेव्हा मला वाटलं, उशिरा का होईना, सुचलं. खजिनदार मुलाकडे मुंबईला राहायला गेले होते आणि स्वतःच्याच गावात पाहुण्यासारखे नवा कोट घालून आले. आम्ही बायकांनी मलिदा केला. गोड पोहे, खोबरं, फळं. एलियाहू हन्नाबीचं, आमच्या प्रेषिताचं, नाव घेऊन तो वाटतात. मग जाळीआड आपल्या जागी बसलो.

हार झाले, शाली झाल्या. मुंबईचे एक वकील बोलायला उठले. मुकादमांनी किती केलं हे सांगून म्हणाले, "आता त्यांना विश्रांती द्यायला हवी." आणि त्याच दमात योजना बाहेर आली. लहान गावांतल्या मशिदी बंद करायच्या, त्यांतली सेफेर, म्हणजे शास्त्राच्या गुंडाळ्या, मुंबईला न्यायची, तिथं मुलांसाठी वसतिगृह काढायचं. योजना वाईट नव्हती. पण हाराचं पाणी अजून म्हाताऱ्याच्या सदऱ्यावर गळत होतं. माझ्या शेजारची बाई पुटपुटली, "सत्कार हाय का मयत?"

मुकादम उठले. आभार मानतील असं वाटलं. ते सरळ पुढच्या कोपऱ्यात एलियाहूच्या खुर्चीकडे गेले. उंच पाठीची, मखमली गादीची ती खुर्ची कायम रिकामी असते. मुलाच्या सुन्नतीच्या दिवशी, आठव्या दिवशी, बाळाला क्षणभर तिच्यावर ठेवतात. एरवी तिथं एलियाहू हन्नाबी बसतो. पोरांनी नुसता हात लावला तरी आम्ही चापट देत असू. मुकादमांनी गादी झटकली आणि हारासकट तिच्यावर बसले.

हे मी रंगवून सांगत नाही.

"काका, उठा! काय करताय?" प्रार्थना चालवणारे हज्जान ओरडले.

"का उठू?"

"अहो, ती एलियाहूची..."

"कुणाची हाय ते मला सांगता? धूळ कोण झाडतं हिची? वकीलसाहेब, तुमच्या बापाला ठेवलं होतं हिच्यावर. तुमच्या पोराला?"

"तो मुंबईत झाला."

"खजिनदार, तुमचे नातू?"

खजिनदार आपल्या बुटांकडे बघत राहिले.

"एक पोर आणा हितं, मी उठतो. न्हाय तर सेफेर न्या आणि मलाही न्या हिच्यासकट."

एवढ्यात माझ्या शेजारून सासूबाई उभ्या राहिल्या. जाळीतून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडं हाय की! सूनबाईला सातवा चाललाय. हितंच करू बाळंतपण. मुलगा झाला तर ठेवू खुर्चीवर."

पुरुष टाळ्या वाजवू लागले. वकीलसुद्धा हसले, "मग थांबू या की दोन महिने!" माझ्या पोटावर ठराव पास होत होता आणि मला कुणी विचारलं नव्हतं.

माझं पहिलं मूल त्याच आळीत झालं होतं. दोन दिवस कळा, सुईणीचे उपाय संपले, आणि मुलगा निळा पडून जन्मला तो तासाभरात गेला. नवरा पोचायच्या आत त्याला कापडात गुंडाळून मुकादमांनी पुरायला नेलं. पुढचं बाळंतपण इस्पितळातच, असं मुंबईच्या डॉक्टरणीने बजावलं होतं. खाट ठरली होती. सासूबाईंना हे सगळं ठाऊक होतं.

मी उठले. "काका, मागचं तुम्हीच नेलंत," मी म्हटलं. "मी मुंबईला जाणार."

सासूबाईंनी माझा पदर ओढला. "बस खाली! लाज न्हाय?"

"उभीच राहते."

मुकादम खुर्चीचा हात धरून उठले, गादी सारखी केली आणि वकिलांना म्हणाले, "सेफेर कधी नेता?"

ते खुर्चीवर बसले तेव्हा बसला नव्हता एवढा धक्का आता बसला. वकीलच गडबडले. "तशी घाई नाही, काका."

"हिचे दिवस भरायच्या आत जाऊ. एकाच फेरीत होईल. हिलाही सोबत लागेल."

मला इस्पितळातली खाट हवी होती. मशीद बंद करा, असं मी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन मी भांडले. "मी जाण्याचा आणि सेफेर जाण्याचा काय संबंध?"

"तू गेलीस की तुझा नवरा सुट्टीला हितं येईल?"

"नाही."

"नातवाला बघायला तुझी सासू जाईल. तिच्याकडं जेवतो तो पुतण्याही जाईल. तुझा नवरा नि तो, दोघं पुरुष गेले की मोज बघू दहातले किती राहतात."

मी मोजले. पुन्हा एकदा मोजले. दहा होत नव्हते. ते शेगडीवरचा चहा बघत राहिले.

मला नववा लागल्यावर रेवसहून आगबोटीने निघालो. मी, माझ्याशी अबोला धरलेल्या सासूबाई, आणि मांडीवर चादरीत गुंडाळलेलं सेफेर घेऊन मुकादम. पाटी घेऊन बसलेल्या कोळणीने विचारलं, "काका, काय हाय त्यात?"

"आमचं शास्तर."

"मंग मासली लांब सारते," म्हणत तिने पाटी हलवली आणि माझ्या पायांशी आणून ठेवली. वासाने मला मळमळलं, पण तिला काय सांगणार!

भाऊच्या धक्क्यावर मुंबईची मंडळी छत्री घेऊन, गाणी म्हणत सेफेर घ्यायला आली होती. माझा नवरा कामावर. वकिलांनी हात पुढे केले. मुकादमांनी सेफेर छातीशी धरलं.

"आधी हिला गाडी बघा."

"बघतो काका, आधी हे..."

"गाडी आल्याबिगर देत न्हाय."

गाणं थांबलं. छत्रीवाल्याला पळत पाठवून व्हिक्टोरिया आणवली. सासूबाई आणि मी आत बसलो, गाडीवाल्याला इस्पितळाचं नाव सांगून झालं, तेव्हा कुठे त्यांनी सेफेर दिलं. चहाला थांबा म्हणून सगळे आग्रह करत होते. ते परतीच्या बोटीकडे निघाले.

मुलगा त्याच आठवड्यात झाला, चिमटे लावून. डॉक्टरीण म्हणाली, "गावात असतीस तर दोघांपैकी एकही उरलं नसतं."

मी म्हटलं, "ते मी भर सभेत सांगून आलेय."