मोठ्या बाईंच्या गुंडाळ्या

आमच्या मोठ्या बाई मनगटावरचं घड्याळ दीड तास पुढे लावून ठेवायच्या. टेमघरच्या आमच्या प्राथमिक शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. वेळ विचारली की मनातल्या मनात दीड तास वजा करून सांगायच्या. नव्या शिक्षिकांना वाटायचं, बाईंना घड्याळच कळत नाही. खरं कारण त्यांचा एकुलता एक मुलगा निखिल. तो व्हिएतनामला कापड गिरणीत नोकरीला गेला होता आणि तिथली वेळ आपल्या दीड तास पुढे. शाळेची मधली सुट्टी बाईंनी साडेदहाची अकरावर नेली. तीच निखिलची जेवायची वेळ, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

"तो जेवतो तेव्हा मी जेवते. मग घास अडकत न्हाय," असं म्हणायच्या. वर्गात शुद्ध बोलणाऱ्या बाई मुलाचा विषय निघाला की गावच्या बोलीवर यायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरी ताट एकच.

पहिल्या रजेत निखिलनं तिकडचे कागदासारखे पातळ, तांदळाचे पापड आणले. बाईंचा जन्म तांदळाच्या फेण्या घालण्यात गेलेला. सादळल्यासारखे वाटतात म्हणून त्यांनी त्या पापडांना दोन दिवस गच्चीवर ऊन दाखवलं आणि तळून डबाभर शाळेत आणले. आम्ही शिक्षिकांनी ते चहाबरोबर फस्त केले. रिकामा पुडा उलटसुलट करत आमच्यातल्या शेखबाई म्हणाल्या, "बाई, चित्र बघा ना, हे तर पानीमें भिगोना है." पुढच्या खेपेला बाईंनी पोह्यांसारखे भिजवले, तर त्यांचा लगदा झाला.

मग निखिलची फोनवर, व्हिडिओ कॉल लावून, शिकवणी सुरू झाली. पापड पाण्यात बुडवून लगेच काढायचा, ताटात पसरायचा, त्यावर काकडी, गाजर, पुदिना, तांदळाच्या शेवया, असली तर कोलंबी ठेवायची, दोन्ही कडा आत घेऊन गुंडाळायचं. सोबत शेंगदाण्याची आंबटगोड चटणी. बाईंचा हात अळूवडीवर बसलेला, त्यामुळे गुंडाळी घट्ट यायची. पण डब्यात गुंडाळ्या एकमेकींना चिकटून फाटायच्या. मध्ये केळीच्या पानाचा तुकडा घालायची युक्ती बाईंनीच काढली. तरी फोनवर मात्र, "अजून चिकटतात रे, काय चुकतं सांग," हेच चालू. मी एकदा चिडवलंही, एखाद्या पोराला इतके दिवस लागले असते तर तुम्ही त्याच्या आईला शाळेत बोलावलं असतं. बाई नुसत्या हसल्या आणि माझ्या पानात एक गुंडाळी ठेवली.

चौथ्या वर्षी निखिल रजेवर आला, तेव्हा बाई त्याला कौतुकानं शाळेत घेऊन आल्या. मधल्या सुट्टीत डबा उघडला. आठ गुंडाळ्या, एकही फाटलेली नाही, आतलं हिरवं-केशरी बाहेरून दिसत होतं. निखिलनं एक गुंडाळी उचलली आणि परत डब्यात ठेवली. मग मान खाली घालून म्हणाला, "आई, मी तिकडं हे दोन-चारदाच खाल्लं असेल. मी खोलीवर वरणभात लावतो आणि तोच डबा नेतो. तू रोज विचारायचीस काय खाल्लं, म्हणून सांगायचो काहीतरी."

मला वाटलं, चार वर्षं ही बाई लेक खातो तेच आपण खातो आहोत असं समजून जेवत होती.

बाईंनी शांतपणे त्याच्यापुढे चटणीची वाटी सरकवली. "ठावं हाय मला. फोनवर तुझ्या पाठी कुकर दिसतो ना."

"मग तू हे सगळं कशाला करत बसलीस?"

"एरवी तू दोन मिनिटांत फोन ठेवतोस. हे शिकवायला लागलास का अर्धा तास बोलतोस."

निखिल उठून हात धुवायला गेला, तो बराच वेळ आलाच नाही.

बाई निवृत्त होऊन अकलोलीकडे आपल्या गावी राहायला गेल्या. त्यांच्याशिवाय आमची मधली सुट्टी सुनी वाटते. आता माझी लेक बंगळुरूला असते. "हो, जेवले, ठेवते," एवढ्यात तिचा फोन संपतो. शाळेची गुणपत्रकं संगणकावर कित्येक वर्षं मीच भरते. परवा तिला विचारलं, हे भरायचं कसं गं? ती समजावत राहिली, मध्येच वैतागली, मग हसायला लागली. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "कळलं ना आता?"

मी म्हटलं, "नाही गं. पहिल्यापासून सांग."