वीतभर ओढा

आमच्या तंजावूरचा व्हॅनवाला जगातलं सगळं आमच्या देवळाशी ताडून पाहतो. पुण्याचे पाहुणे घेऊन नीलगिरीतल्या राष्ट्रीय उद्यानात गेलो, तिथेही तेच. शिखर दिसलं, "आमचं गोपुर पाहिलांत कां?" रानगवा दिसला, "आमचा नंदी ह्याच्याहून मोठा." पाहुण्यांसमोर मला लाजच वाटत होती.

दुपारी एका वीतभर ओढ्यात मी चिखलाचे बूट बुडवणार, तोच तो ओरडला, "नको अण्णा! हें पाणी भवानींत जातें, भवानी कावेरींत. आपला भात ह्याच्यावर पिकतो!"

मग चपला काढून तो वाकला आणि त्याने पाण्यात बुडवलेलं बोट डोळ्यांना लावलं. इथे मात्र त्याला देऊळ आठवलं नाही.

मी बूट हातात घेऊन अनवाणी ओढा ओलांडला. परतताना पाहुण्यांना मीच ऐटीत सांगत होतो, "तो ओढा आमचा."