मामांची झुकणारी गाडी

सरळ रेषेशी उभं वैर असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. गंमत म्हणजे अंबरनाथच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात बसून त्यांनी तीस वर्षं सरळ रेषाच मारल्या. त्याचा सूड म्हणून की काय, बदलापुरातल्या कुळगावच्या आपल्या दोन खोल्यांत पाऊल टाकलं की मामा वळणांचे होऊन जात. त्यांचा सगळा जीव अडकला होता तो झुकणाऱ्या आगगाडीत. परदेशात अशा गाड्या धावतात हे त्यांनी उल्हासनगरच्या रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका मासिकात वाचलं आणि तेव्हापासून मामींच्या डोक्याला ताप झाला. कल्पना तशी साधी होती. सायकलवाला वळणावर आत झुकतो म्हणून पडत नाही. तसा डबाच आत झुकला तर वळण आलं म्हणून गाडीचा वेग कमी करायला नको, आणि आतल्या माणसाचा चहाही सांडणार नाही. "जावईबापू, रूळ तेच, पूल तेच, फक्त डबा शहाणा करायचा!" हे त्यांनी मला साखरपुड्यात सांगायला सुरुवात केली, आणि राहिलेलं लग्नात, मी बोहल्यावर उभा असताना, दोन मंगलाष्टकांच्या मधे पूर्ण केलं.

मामांबरोबर रिक्षात बसणं म्हणजे परीक्षाच. हातात पाण्याचं काठोकाठ भरलेलं फुलपात्र असायचं. वळण आलं की मामा ओरडत, "आत झुका!" आणि आपण झुकायचं. एकदा उल्हासनगरहून येताना शेअर रिक्षात एक भारदस्त सिंधी शेठ आमच्यामधे बसले होते. पहिल्याच वळणाला मामांनी त्यांना कोपरानं ढोसलं. "क्या हुआ साईं, गिरेगा क्या?" शेठ घाबरले. "गिरेगा नहीं, इसीलिए झुको!" मामा म्हणाले. शेठ झुकले, मी झुकलो, आरशात बघून रिक्षावालाही झुकला, आणि पाण्याचा एक थेंब सांडला नाही. शेठ "कमाल है" म्हणाले खरे, पण त्यांना जायचं होतं त्याच्या बऱ्याच आधी उतरले.

घरी पलंगाखाली एक मोठी फळी होती. तिच्यावर पडद्याच्या सळ्या वाकवून केलेले रूळ, आणि रुळांवर बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याची गाडी. आत बारीक स्प्रिंगा. वर पाण्यानं भरलेलं बाटलीचं झाकण. पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी ही फळी बाहेर यायची. गाडी दहापैकी सात वेळा छान झुकायची. उरलेल्या तीन वेळा ती पाहुण्याच्या मांडीवर यायची. मामांच्या एकुलत्या एका मुलीला, सुनंदाला, बघायला आलेली दोन स्थळं त्या तीन वेळांत सापडली. दुसरा मुलगा तर ओल्या पँटनं जो उठला तो चहालाही थांबला नाही.

नव्वद सालाच्या आसपास पेपरात अधूनमधून यायला लागलं की डोंगरातून बोगदे काढून पुण्याला नवा, सरळ, वेगवान मार्ग होणार. आम्ही सगळ्यांनी मामांना धरलं. आता तुमची गाडी झुकणार कुठे? मामा हार मानतात होय! त्यांचं म्हणणं एकच, की परदेशात आयत्या मिळतात त्या झुकणाऱ्या गाड्या आज आणा, घाटात चालवा आणि उद्या नवा मार्ग झाला की त्यावरही त्याच सोडा. त्यांनी कुणाकुणाला लांबलचक पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही नाही. एरवी हसतमुख असणारे मामा एकदा मला हळूच म्हणाले, "मान्य करू नका हो. पण जाणकार माणसानं एकदा ऐकून तरी घ्यावं." मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

आणि नेमकं तिसरं स्थळ आलं ते पुण्याचं, मुलाचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनिअर! मामांचे डोळे लकाकले. मामींनी ते पाहिलं आणि देवासमोर उभं करून त्यांना शपथ घातली. "गाडी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. पोरीच्या गळ्याची शपथ आहे." फळीवर जुनं लुगडं पडलं.

कांदेपोह्यांना मीही होतो. मामा इतके गप्प मी कधी पाहिले नव्हते. "प्रवास कसा..." एवढं म्हणून त्यांनी जीभ चावली आणि मुलाच्या बापाला हवापाण्याबद्दल विचारलं. इंजिनिअरसाहेब तसे करडे, फार न बोलणारे. पण पोहे संपता संपता त्यांनीच विषय काढला. "आता तो नवा मार्ग होईल म्हणतात. त्यावर सगळ्या गाड्याही नव्या कोऱ्या आणायला हव्यात. काय म्हणता?" मामांनी मामींकडे पाहिलं. मामी छताकडे बघत होत्या. मामांच्या हातातली बशी हळूहळू कलत गेली आणि पोहे सतरंजीवर ओघळले. मला बघवेना.

तेवढ्यात आतल्या दारातून सुनंदा म्हणाली, "बाबा, सांगा की त्यांना."

मग काय, फळी बाहेर आली. लुगडं उडालं. साहेबांनी शांतपणे विचारलं, "सरळ मार्गावर झुकणारी गाडी कशाला?" आणि मामा आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, नवा मार्ग कुठेतरी संपणार ना? नव्या गाड्या जुन्या वळणांवर वेगात चालायच्या नाहीत, त्या तिथंच थांबणार. पण लोक त्याच्याही पुढे राहतात. माझी गाडी नव्या मार्गावर जरा मागे पडेल, पण पुढे जुन्या वळणांवरून माणसांना दारापर्यंत नेईल." साहेबांनी चष्मा पुसला. "ठीक आहे. पण ती मागे पडली की तिच्यामागच्या वेगवान गाड्या अडकतील. त्यांचं काय करणार?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. त्यांचा चेहरा असा फुलला, की जणू कुणी सत्कारच केला. मग गाडी सुटली, वळणावर आली, आणि नेमकी साहेबांच्या मांडीवर गेली. मंडळी "कळवतो" म्हणून निघून गेली. मामी दोन दिवस जेवल्या नाहीत. मामांनी फळी पलंगाखाली ढकलली आणि "पोरीचं नुकसान केलं मी" म्हणून कोपऱ्यात बसून राहिले.

आठवड्यानं जाडजूड पाकीट आलं. मामींनी घाईघाईनं फोडलं. आत सहा पानं. झुकणाऱ्या गाड्या नव्या मार्गावर कुठल्या वेळी सोडाव्यात, मागच्या वेगवान गाडीला वाट द्यायला कुठे बाजूला घ्याव्यात, मामांच्या स्प्रिंगा कुठे चुकतात, सगळं आकृत्यांसकट. मामी एकेक पान उलटत "अहो, पण मुलीचं काय?" म्हणून रडकुंडीला आल्या. सहाव्या पानाच्या तळाशी, सहीच्या खाली, एक ओळ होती. "ता. क. मुलगी आम्हा सर्वांस पसंत आहे. बापाला बोलतं करणारी मुलगी घरात हवी."

पुढे व्याह्यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला. नवा मार्ग काही झाला नाही आणि झुकणारी गाडीही आली नाही. सुनंदा माहेरपणाला येई. परतताना तिला न्यायला आलेला नवरा आधी उलटा कल्याणला जाऊन तिच्यासह पुण्याची गाडी पकडे, कारण ती गाडी बदलापूरला थांबत नसे. मामा-मामी मात्र इथल्या फलाटावर येऊन उभे राहत. मीही एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. गाडी धडधडत आली, एका खिडकीतून सुनंदाचा हात हलला, मामांनी हात वर करेपर्यंत ती खिडकी पुढे निघूनही गेली. पुढे वांगणीच्या अंगाला रूळ वळतात. शेवटचा डबा तिथं पोचला आणि मामा जागच्या जागी, उभ्या उभ्या, त्या वळणाच्या बाजूला झुकले.

मी हसून मामींकडे पाहिलं. पदर तोंडाशी धरून मामीही झुकल्या होत्या.