बिगारीच्या परीक्षेची परीक्षा

डिपोटी साहेबांबरोबर शाळा तपासत हिंडणाऱ्या कारकुनाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. धोतराला कुसळं चिकटतात तसे ते चिकटतात आणि घरी येऊन उपटत बसावं लागतं. माझ्याकडे ढीग आहे. त्यातले एकाच हिवाळ्यातले सांगतो, कारण तेव्हा बसलेले धक्के अजून ओसरलेले नाहीत.

काम असं होतं. बिगारीच्या, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या चिमुरड्यांची परीक्षा गावोगावचे मास्तर घेत आणि निकाल आमच्याकडे पाठवत. मंचरची सगळी पोरं पास, आहुप्याची सगळी नापास! वरून हुकूम आला, ती परीक्षाच तपासा. आणि पोरं खरोखर नापास असतील तिथली बिगारी बंद करा.

हे कळल्यावर आहुप्याचा बुधा डोंगर उतरून आला. वर्गासाठी त्याने स्वतःची पडवी दिली होती, आणि त्याची ठकी त्यातच शिकत होती. साहेबांपुढे बसून म्हणाला, "सायेब, वरग मोडू नका. ह्यो मोडला की पोरगी गेली गुरांमागं. मंग तिला कोन शिकवतंय?"

साहेब म्हणाले, "पाहू." साहेब नियमाला फार कडक. मला बुधाचं काही खरं दिसेना.

*

मंचरच्या शाळेत पोरं ओळीने बसलेली. मास्तर म्हणाले, "दहापर्यंत अंक सगळ्यांना येतात." पहिला म्हणाला एक, दुसरा म्हणाला दोन. चारपर्यंत खणखणीत गेलं. मग जरा शांतता, आणि एकदम सहा.

"पाच कुठे गेला?" साहेबांनी विचारलं.

ओळीतून उत्तर आलं, "पाचाला गोवर आलाय."

साहेबांना शंका आली. पहिल्या पोराला म्हणाले, "बाळ, एकच्या पुढे काय?"

"ते गण्याला इचारा. त्ये त्याचं हाय."

मी डोकंच धरलं. वर्षभर पोरं त्याच जागी बसवून प्रत्येकाला त्याचा तेवढा अंक शिकवला होता, राव.

*

ओतूरला दोन भाऊ होते, जुळे. निकालात एकाचं वय सहा लिहिलेलं, दुसऱ्याचं चार. मला वाटलं, माझीच नजर चुकली.

मास्तर शांतपणे म्हणाले, "वय आम्ही हातावरून ठरवतो. डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान पकडायचा. याचा पोचला, त्याचा नाही पोचला."

"अहो, पण त्यांच्या आईला विचारलंत का?" साहेब म्हणाले.

"आईचा अंदाज चुकतो, साहेब. हात चुकत नाही."

*

जुन्नरच्या पेठेत एका मारवाडी जैन दुकानदाराचा नातू होता. मास्तर वस्तू दाखवायचे, पोराने नाव सांगायचं. याच्या नावापुढे शेरा होता, 'कांदा ओळखत नाही. मंदबुद्धी.' चार वर्षांच्या लेकरावर असला शिक्का?

साहेबांनी स्वतः कांदा पुढे धरला. पोराने नाक दाबलं.

"हे काय आहे, बाळ?"

"याचं नाव घेतलं की आजी रागावते. आमच्यात चालत नाही."

"म्हणजे नाव ठाऊक आहे तुला?"

"आहे की. मास्तरांनाच नाही वाटतं. रोज मलाच विचारतात."

*

शेवटी आहुपे. तिथल्या मास्तरांचा शेरा, 'सांगितलेलं कळत नाही.' साहेब म्हणाले, "माझ्यासमोर परीक्षा घ्या."

मास्तरांनी पोरांना सांगितलं, "समोरच्या राईतून पाच-पाच काड्या मोजून आणा." पोरं राईपर्यंत गेली, घुटमळली आणि रिकाम्या हातांनी परत आली. ठकीसुद्धा. साहेबांनी मला लिहायला सांगितलं, 'बिगारी बंद.' मी लिहिलं.

बुधा पुढे आला. "सायेब, राई देवाची हाय. तिथली वाळकी काडी बी कोन उचलत न्हाई."

साहेब मास्तरांकडे वळले. "हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं, साहेब. पण परीक्षेच्या पुस्तकात 'जवळच्या झाडीतून काड्या' असंच लिहिलंय."

"मग जा, तुम्हीच आणा."

मास्तरांचा चेहरा पडला. "मी पोराबाळांचा माणूस आहे, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दप्तराची गाठ घट्ट करू लागलो.

"असल्या गोष्टी मी मानत नाही," असं म्हणून साहेब स्वतःच तरातरा निघाले. राईत शिरले. वाकलेले दिसले. बराच वेळ तसेच वाकलेले राहिले. मग सावकाश परत आले आणि माझ्या हातातला कागद घेऊन 'बंद' खोडलं, वर 'चालू' लिहिलं. बुधाने मुंडासं काढून कपाळ पुसलं.

ठकीने साहेबांचे दोन्ही हात नीट पाहिले. मग मास्तरांकडे वळून विचारलं,

"गुर्जी, ह्ये बी नापास?"