राखीव गोलकीपर

जागृतीताईच्या पासपोर्टला सुक्या बोंबलांचा वास यायचा. घरात घट्ट झाकणाचा डबा एकच होता, आणि त्यात तिची आई सुकं म्हावरं ठेवायची. पावसाळ्यात कागद कोरडा राहील अशी दुसरी जागा त्यांच्याकडे नव्हती. आईचं म्हणणं असं, की जी वस्तू मांजरीपासून वाचली ती चोरापासून आपोआप वाचते. एकदा परदेशातल्या विमानतळावर शिक्का मारणाऱ्या साहेबाने पासपोर्ट उघडला, नाक आक्रसलं, पुन्हा एकदा वास घेतला आणि मग शिक्का मारला. ही गोष्ट सांगताना ताई अजून हसते. "त्याला वाटला आसल, इंडियाची शाईच अशी आसते."

मी तिला पहिल्यांदा भेटले ते पनवेलच्या मासळी बाजारात. मी एस.वाय.ला होते. आमच्या मराठीच्या बाईंनी कॉलेजच्या वार्षिकांकासाठी गावातल्या कर्तबगार माणसांच्या मुलाखती घ्यायला सांगितल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, बाजारात कोळणीची एक मुलगी बसते, ती भारताकडून फुटबॉल खेळते. मला ते खरं वाटलं नाही. तरी वही घेऊन गेले. पहिला प्रश्न रात्रीच लिहून ठेवला होता, तो तसाच वाचला: "आपल्या यशामागची प्रेरणा कोण?"

समोर उंच, रुंद पंजांची, तिशीला टेकलेली बाई बसली होती. पापलेटचे पंख छाटता छाटता तिने वर पाहिलं. "प्रेरना मागनं सांगते. आदी सांग, पापलेट किती देऊ?"

मी घाबरून एक पापलेट घेतलं. वार्षिकांकाची सुरुवात अशी झाली.

तेव्हापासून तिने मला नावाने कधी हाक मारली नाही. मी म्हणजे "कॉलेज". "ए कॉलेज, चाय पितस का?" "कॉलेज, ही टोपली धर जरा." तिच्या आईनेही तेच नाव उचललं. मला ते खरं तर आवडायचं. माझे वडील न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवायचे, आई शाळेत गेलेली नव्हती. घरातून कॉलेजात पोचलेली मी पहिलीच. त्यामुळे मला इंग्रजी येतं, असं घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मीही कधी नाही म्हटलं नव्हतं. ते पुढे महागात पडलं, पण ते नंतर.

ताई मूळची उरणकडची. लहानपणी थोरले भाऊ खाडीकाठी चेंडू खेळायचे आणि हिला दोन चपलांच्या मध्ये उभी करायचे, कारण पळायला ती लहान होती. ती तिथून हललीच नाही. पुढे तिला जिल्ह्यात घेतलं, मग राज्यात, मग भारताच्या संघात. सहा वर्षं ती संघात होती. पण राखीव गोलकीपर म्हणून. पहिल्या गोलकीपरला सराव द्यायचा, तिची पाण्याची बाटली सांभाळायची, गुडघ्याला पट्टी बांधून बाकावर बसायचं. मी विचारलं, वाईट नाही वाटायचं?

"करवली ठावी हाय ना? तशी मी. नटायचा सगला, लगीन दुसरीचा."

इतके देश पाहून ती प्रत्यक्ष सामन्यात उतरली होती मोजून तीनदा. तिसऱ्यांदा उतरली तेव्हा पहिल्या गोलकीपरचं मनगट दुखावलं होतं. त्या सामन्यात मालदीवच्या एका क्लबचे प्रशिक्षक बसले होते. सामना संपल्यावर त्यांनी तिचा पत्ता मागितला. ताईने चिठ्ठीवर ई-मेल लिहून दिला. तो पत्ता तिचा नव्हता, चाचांचा होता.

चाचांचं सायबर कॅफे बाजाराच्या पलीकडच्या गल्लीत होतं. त्यांचे अर्धे नातेवाईक आखातात. तिकिटं, व्हिसाचे फॉर्म, पैसे पोचल्याचे निरोप, सगळं तिथून चालायचं. गल्लीत कोणाचाच स्वतःचा ई-मेल नव्हता. सगळे चाचांचा द्यायचे. चाचा रोज सकाळी आलेल्या मेल छापून काढायचे आणि भिंतीवर बांधलेल्या दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवायचे. ज्याचा कागद त्याने येऊन घेऊन जायचा. आज हसू येईल, पण तेव्हा कोणाचा कागद कधी हरवला नव्हता.

सकाळी पहिल्या एसटीने ताई कर्नाळ्याला जायची आणि किल्ला धावत चढायची. मुलाखतीसाठी म्हणून मी एकदाच सोबत गेले. पाव डोंगरावर मी दगडावर बसले ती उठलेच नाही. ती वरून परत आली, माझ्याशेजारी बसली, श्वासही लागला नव्हता. तिथे तिने मला तिचा खेळ समजावून सांगितला. "बॉल म्हंजे पावना. दारात आला की दोन्ही हातांनी घ्यायचा. ढकलायचा नाय, पुन्ना येतो. आनि घरात शिरू द्यायचा नाय. शिरला की जेवान घालाया लागतो."

"आणि शिरलाच तर?"

"मंग काय, आय हाय ना. ती सगल्यांना हाकलते."

आई मात्र या खेळावर फार खूश नव्हती. भारताकडून खेळून घरी आलं काय, तर बॅगा आणि ट्रॅकसूट. बाजारातली जागा सासूकडून तिच्याकडे आली होती आणि तिच्यानंतर ती रिकामी राहणार होती. तिने मुलीला स्पष्ट सांगितलं होतं, माझ्यासमोरच. "दिवालीपरयंत काय ती उडी मार. मंग टोपली घे. माजी कंबर आता नाय वाकत." ताई तिला उलट बोलली नाही. मला एवढंच म्हणाली, "बरोबर बोलते ती. पन कॉलेज, मना एकदा पुरता मोसम खेलायचाय. पयल्या शिट्टीपासनं. बाकावर नाय."

क्लबची मेल आली ती नेमकी चाचा पुतण्याच्या लग्नाला रत्नागिरीकडे गेले असताना. दुकान बारा दिवस बंद. परत आले, मेल छापली, दोरीला लावली आणि स्वतः बाजारात निरोप द्यायला आले. ताईने हात पुसले आणि कागद माझ्याकडे दिला. "वाच."

मी वाचला. निम्मा कळला, निम्मा चाचांच्या संगणकावर शब्द शोधून समजून घेतला. क्लबला एका मोसमासाठी गोलकीपर हवी होती. खेळण्याचा पगार मिळणार होता. फक्त तिच्या खेळाचा व्हिडिओ पाठवायचा होता, आणि मुदतीचे चार दिवस उरले होते.

व्हिडिओ कुठून आणायचा? मुलींच्या सामन्याला माणसं येत नसत, कॅमेरा कुठला येणार! शेवटी मीच पुढे होऊन म्हटलं, आमच्या गल्लीतल्या राजूदादाकडे कॅमेरा आहे. राजूदादा लग्नांचं शूटिंग करायचा. चांगलं करायचा, पनवेलमध्ये त्याला मागणी होती. तो दोन तासांसाठी यायला तयार झाला.

दुसऱ्या दिवशी मैदानात घोट्याएवढा चिखल होता. गावातली पोरं एकामागून एक चेंडू मारत होती आणि ताई उड्या घेत होती. राजूदादाने आधी तिच्या बुटांवर कॅमेरा लावला, मग हळूहळू वर चेहऱ्यापर्यंत आणला. मग म्हणाला, "ताई, जरा खाली बघून हसा ना."

"बॉल बघू का तुज्याकडं बघू?"

"एकदा बॉल, एकदा माझ्याकडं."

"तोंडावर बसंल ना रे!"

आम्ही सगळे हसलो. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. संध्याकाळी त्याने सीडी दिली. वर म्हणाला, "मस्त सजवून दिलंय, तुमचं काम म्हणून." मी ती सीडी एकदाही लावून न बघता चाचांकडे नेली. दुसरा अख्खा दिवस ती फाइल चढत होती. दोनदा वीज गेली. शेवटी फाइल गेली एकदाची. चाचा म्हणाले, "चला, आता आपण पण बघू या."

पडद्यावर आधी गणपती आला. मग चारही कोपऱ्यांतून गुलाबाच्या पाकळ्या पडू लागल्या. सनई सुरू झाली. बदामाच्या आकारात जागृतीताई प्रकट झाली, चिखलाने माखलेली, हातात चेंडू. तिची प्रत्येक उडी तीनदा दिसत होती, अगदी सावकाश, मागे मोर पिसारा फुलवून. शेवटी दोन हात जोडलेले आले आणि खाली अक्षरं: आपले आशीर्वाद हाच आमचा आहेर.

चाचांनी चष्मा काढून पुसला. मग ताईला हसू फुटलं. खुर्चीवरून घसरेपर्यंत ती हसली. "आयला, लगीन लागला माजा! आनि नवराच नाय!" चाचाही हसले. मी रडायला लागले.

मी धावत राजूदादाकडे गेले, की साधं शूटिंग तरी दे. त्याने त्या कॅसेटवर सकाळीच कोणाची तरी हळद घेतली होती. नवं शूटिंग करून ते चढवण्याइतकी मुदत उरली नव्हती. त्याची तरी काय चूक. मी त्याला गोलकीपर म्हणजे काय हेसुद्धा सांगितलं नव्हतं.

परत आले तेव्हा ताई चाचांच्या पायरीवर बसली होती. आता ती हसत नव्हती. आपले रुंद हात मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडे बघत होती. मला पाहून म्हणाली, "रडू नको गो. चूक तुजी एकटीची नाय. मी पन नाय बघितला." आणि जरा थांबून, "दिवालीला टोपली हायेच."

त्या वाक्यानंतर मला घरी जाववेना. मी चाचांना म्हटलं, मला एक मेल लिहायची आहे. आयुष्यात मी इंग्रजीत स्वतःच्या मनाने पत्र लिहिलेलं नव्हतं; रजेचा अर्जसुद्धा गाइडमधून उतरवायचे. चाचा शेजारी बसले, पण त्यांनी एक शब्दही सुचवला नाही. फक्त म्हणाले, "बेटा, जे खरं आहे ते लिही. खऱ्याला इंग्रजी कमी लागतं."

मी जे लिहिलं त्याचा अर्थ असा होता: साहेब, चूक माझी आहे. आमच्याकडे बाईचं शूटिंग एकदाच होतं, तिच्या लग्नात. त्यामुळे शूटिंग करणाऱ्याला दुसरं काही येत नाही. तुम्ही कृपा करून फुलं सोडून बघावं. फुलांच्या मागे जी बाई आहे ती सहा वर्षं बाकावर बसलेली आहे.

त्यातली व्याकरणाची वाट मला आज दिसते. तेव्हा दिसत नव्हती, हे बरंच झालं.

पाच दिवस दोरीवर ताईचा कागद नव्हता. ती रोज कर्नाळा चढत होती, रोज मासे विकत होती, माझी चेष्टा करत होती. फक्त बाजार उठला की चाचांच्या गल्लीने घरी जायची, जी तिच्या वाटेत नव्हती. सहाव्या दिवशी चाचांनी मेल दोरीला लावलीच नाही. हातात धरून बाजारात पळत आले. साठीचा माणूस, बर्फाच्या पाण्यावरून घसरता घसरता वाचला.

प्रशिक्षकांनी लिहिलं होतं, की आमच्या संघाने व्हिडिओ तीनदा पाहिला आणि सगळ्या मुलींना मोर फार आवडला. पुढे त्यांनी लिहिलं होतं, की उड्या तीन-तीनदा सावकाश दाखवल्यामुळे एक गोष्ट नीट दिसली. चेंडू सुटायच्या आत या बाईचे पाय जागेवर पोचलेले असतात. पासपोर्टची प्रत पाठवा.

ताईने तो कागद मला पुन्हा वाचायला लावला. मग तिसऱ्यांदा. मग ग्राहकाकडे वळून म्हणाली, "मावशी, आज कोलंबी तुमच्या भावात न्या."

पुढचं थोडक्यात सांगते. ती तिथे दोन मोसम खेळली, पहिल्या शिट्टीपासून. पहिल्याच सामन्यात पाच गोल खाल्ले आणि मला फोन करून एवढ्या आनंदात सांगितलं, की मला वाटलं जिंकले. परत आल्यावर ती ईशान्येकडे मुलींच्या संघाला गोलकीपिंग शिकवायला गेली, अजून तिथेच आहे. फोनवर विचारते, "कॉलेज, आता कॉलेजात शिकवतस म्हंजे तुना काय म्हनायचा?" मी म्हणते, कॉलेजच म्हण. बाजारातली जागा आईने भाचीला दिली.

पण मला तिची आठवण येते ती मालदीवला निघण्याच्या आदल्या दुपारची. परदेशी जाताना विमानतळावर एक कार्ड भरून द्यावं लागायचं. आखातातल्या लोकांसाठी चाचांकडे त्या कार्डांचा गठ्ठाच असायचा. ताई, तिची आई आणि मी त्यांच्यासमोर बसलो होतो. चाचा सवयीने भराभर विचारत आणि लिहीत होते. नाव. जन्मतारीख. पासपोर्ट नंबर. मग म्हणाले, "पेशा?"

भारताच्या संघातून जाताना ही कार्डं मॅनेजर भरायचे आणि सगळ्यांच्या नावापुढे 'विद्यार्थिनी' लिहायचे. सत्ताविसाव्या वर्षीही ताई विद्यार्थिनी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर माहीत होतं, पण मी ते द्यावं असं मला वाटेना.

चाचा पेन धरून थांबले. "काय लिहू, बेटा? मासळीचा धंदा लिहू? ते सरळ आहे, कोणी विचारत नाही."

"कनची मासली?" आई म्हणाली. ती इतका वेळ पदराने वारा घेत बसली होती. "ती खेलते. गोल राखते. ते लिवा."

"भाभी, इतकी कार्डं भरली मी, गोलकीपर कधी लिहिलं नाही."

"मंग आता लिवा," आई म्हणाली, आणि नीट दिसावं म्हणून खुर्ची पुढे ओढून बसली. तिला वाचता येत नव्हतं. चाचांचं पेन थांबेपर्यंत ती एकेका अक्षराकडे बघत राहिली.