दुसरा आवाज

माझ्या पहिल्या अल्बमवर एकटीचंच नाव आहे. ते बघून वडिलांना जेवढा आनंद झाला, तेवढा रेल्वेत बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता. आम्ही मूळ भुसावळचे. वडिलांची जयपूरला बदली झाली तेव्हा मी शाळेत होते, आणि पुढे इथलीच झाले.

आमचा बँड जमला तो गोपालपुऱ्यातल्या एका होस्टेलच्या गच्चीवर. सगळी डॉक्टरकीच्या क्लासची पोरं. डॉक्टर एकही झाला नाही. मुख्य गायक शास्त्री नगरचा. मी त्याला दुसरा आवाज द्यायचे. म्हणजे तो मूळ चाल गाणार आणि मी त्याच वेळी, तेच शब्द, पण जरा वरच्या सुरात, त्याच्या बाजूबाजूनं जाणार. लोक ऐकतात त्यालाच. माझा आवाज नसला तर काहीतरी उणं वाटतं, एवढंच. आमेरच्या हॉटेलांत आणि लोकांच्या लग्नांत मी वर्षानुवर्षं हेच केलं, आणि चांगलं केलं. उगाच नम्रपणा दाखवणार नाही.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नाहून परतताना धुक्यात त्याची गाडी ट्रकवर आदळली. तो जागीच गेला. बँड मोडला, बाकीच्यांनी नोकऱ्या धरल्या. मला गाण्याशिवाय काही येत नव्हतं, आणि एकटीनं गाता आलं नाही तर तेही सुटणार होतं. म्हणून मी स्वतः गाणी लिहिली, चाली लावल्या आणि अल्बम करायला घेतला.

स्टुडिओत पहिल्याच दिवशी संगीत संयोजकानं मला थांबवलं.

“दीदी, असली धुन कब गाओगी?”

मला काही कळेना. मी तर मूळ चालच गात होते. त्यानं रेकॉर्डिंग ऐकवलं. मी माझ्याच गाण्यात दुसरा आवाज लावला होता. चाल माझी, पण डोक्यात ती आमच्या गायकाच्या आवाजात वाजायची आणि गळा आपोआप त्याच्या शेजारी जाऊन उभा राहायचा. शेजारी कोणीच नव्हतं. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, “तुझं लहानपणापासून असंच. पंगतीत शेजारचा जेवायला लागल्याशिवाय तुझा हात ताटाला लागायचा नाही.”

वडील म्हणाले, “सवयच आहे ना? मतलब, मोडता येते. मोड.”

मोडली. संयोजक माझ्या कानात नुसत्या पियानोवर चाल वाजवायचा आणि मी एकेक ओळ तिच्यावर बसवायचे. जरा लक्ष ढळलं की गळा पुन्हा वर. मी बँडची जुनी गाणी ऐकणं बंद केलं, मोबाईलमधून काढूनच टाकली. डोक्यात त्याचा आवाज आला की मी मोठ्यानं गायचे, तो बुडेपर्यंत. कधी गाता गाता रडू फुटायचं, मग रडणं आवरून परत तीच ओळ. हळूहळू तो आवाज यायचा थांबला. अख्खं गाणं एकटीनं सरळ गायले त्या दिवशी संयोजकानं सगळ्यांना कचोऱ्या मागवल्या. मी दोन खाल्ल्या.

अल्बम आला. डोक्यावर वगैरे कोणी घेतला नाही, पण लोकांनी ऐकला आणि मला कार्यक्रमांच्या सुपाऱ्या मिळायला लागल्या. गाणं सुटणार नाही एवढं नक्की झालं.

मग आमच्या गायकाच्या आईचा फोन आला, घरी ये म्हणून. मी शास्त्री नगरला गेले. तिनं चहा केला, अल्बमचं कौतुक केलं. मनापासून केलं, तेही कळत होतं. मग मोबाईल माझ्यापुढे ठेवला. त्यात त्याचं एक रेकॉर्डिंग होतं. घरी सराव करताना तो एकटाच आमचं सगळ्यांत जुनं गाणं गात होता. मागे कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या.

“अकेला अधूरा लगता है,” ती म्हणाली. “तू साथ में गा दे बेटा. जैसे गाती थी.”

तिनं रेकॉर्डिंग लावलं आणि मी गायला लागले. माझा आवाज थेट त्याच्या चालीवर जाऊन बसला. मी थांबले. तिनं पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा तेच. हे गाणं मी झोपेतही त्याच्यासोबत गायले असते. आता वरचा सूर कुठून धरायचा तेच सापडेना. तरी मी आणखी एकदा गाऊन बघितलं.

तिनं मोबाईल उचलून मांडीवर ठेवला.

“रहने दे बेटा,” ती म्हणाली. “तू गाती है तो वो सुनाई नहीं देता.”