वाळवंटातलं थडगं आणि जेसीबीवाला

चऱ्होलीच्या टपरीवर तो जेसीबीवाला रोज माझ्या कादंबरीत डोकवायचा, पानांवर खारीचा चुरा सांडायचा. मला त्याची किळस यायची. एकदा त्यानं गोष्ट विचारली. मी उपकार केल्यासारखी सांगितली, "नवरा-बायको वाळवंटात जुनं थडगं उकरतात. ते थडगं जगापासून लपवायला काही लोक त्यांच्या जिवावर उठतात."

तो तुच्छतेनं हसला. "येडीच हायती ती लपवणारी लोकं राव. आमी पाया खणताना घोडेस्वार कोरलेला जुना दगड निघाला. काम बंद पडंल म्हणून परत पुरला, वर काँक्रीट वतलं. कुणी इचारलंबी न्हाई."

"लाज नाही वाटली? कुठल्या इमारतीखाली?"

त्यानं बोट दाखवलं. समोर माझ्याच गॅलरीत माझा टॉवेल वाळत होता.

तक्रार मी अजून केलेली नाही. कादंबरी मात्र फार आवडली.